चाचांचा ठसा आणि दादांचा डबा

नांदेडच्या इतवाऱ्यातल्या त्या बेकरीत पाऊल टाकलं की आधी एका प्रश्नाला तोंड द्यावं लागे. चाचा गल्ल्यावर कधी बसलेच नाहीत. भट्टीच्या तोंडाशी एका उंच स्टुलावर ते बसत आणि नवं गिऱ्हाईक आलं की हातातला डबा बघायच्या आधी विचारत, "घर का कायदा क्या है?" म्हणजे घरात अंडं चालतं का, चालत असलं तर कोणत्या वारी चालत नाही, श्रावणात काय, चातुर्मासात काय. माणूस बिस्किटं भाजायला आलाय की सोयरीक जमवायला, असं नवख्याला वाटावं.

त्या काळी आमच्याकडे पुड्यातली बिस्किटं फक्त आजाऱ्याला भेटायला जाताना विकत घेत. घरची बिस्किटं म्हणजे आपला मैदा, आपली साखर, आपला डालडा आणि आपली अंडी डब्यात भरून भट्टीवर न्यायची, कारागिराकडून मळून, कापून, भाजून घ्यायची आणि गरम गरम त्याच डब्यात भरून आणायची. मधला सगळा वेळ डब्याशेजारी पहारा द्यायचा. प्रत्येक बाईला खात्री असे की आपली नजर हटली की आपला डालडा शेजारणीच्या पिठात जाणार. त्यामुळे भट्टीसमोरच्या लाकडी बाकांवर दुपारभर बायकांची ही गर्दी, बाहेर रिक्षांचे भोंगे, आत मैद्याचा धुरळा, आणि कुणी कुणाशी बोलताना डोळे मात्र डब्यावर.

चाचांच्या भट्ट्या दोन होत्या, मोठी आणि धाकटी. मोठीत सगळं चालायचं. धाकटीला अंड्याचं वारंसुद्धा लागू द्यायचं नाही, असा चाचांचा कायदा. धाकटीचे पत्रे वेगळे, मळायचा ओटा वेगळा, लांब दांड्याचं फावडं वेगळं. मोठ्या भट्टीवरचा कारागीर हात धुतल्याशिवाय तिकडं फिरकला तर चाचा स्टुलावरून उतरत, आणि चाचा उतरले म्हणजे काय होतं ते एकदा बघितलेला माणूस पुन्हा चुकत नसे. धाकट्या भट्टीच्या प्रत्येक बिस्किटावर पितळी ठशानं एक पान उमटवलेलं असे. तो ठसा चाचांच्या गळ्यात दोरीनं अडकवलेला असायचा आणि तो त्यांच्याशिवाय कुणी मारायचा नाही. पान दिसलं की मारवाडी, जैन, लिंगायत, सगळी घरं निर्धास्त. ज्या बायका चाचांच्या हातचं पाणी प्यायल्या नसत्या, त्या चाचांच्या ठशावर डोळे मिटून विश्वास टाकत. मला तेव्हाही याचं हसू यायचं. चाचांना येत असलंच तर त्यांनी ते कधी दाखवलं नाही.

आई लग्न होऊन नांदेडला आली आणि पहिल्यांदा डबा घेऊन गेली तेव्हा तिलाही तो प्रश्न झालाच. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी छप्पन सालानंतर जुने कायदे गावाबाहेरच्या नदीत सोडून दिलेले. आई ताठ मानेनं म्हणाली, "आमच्यात कायदा न्हाई चाचा. जे हाय ते खातो." चाळीस घरांचे चाळीस कायदे तोंडपाठ असलेल्या माणसाला बिनकायद्याचं घर कुठं ठेवावं ते समजेना. शेवटी त्यांनी आमचा डबा मोठ्या भट्टीकडं सरकवला. पण त्यांच्या जिवाला ते लागून राहिलं असावं. त्यांनी कुणाकुणाला विचारून माहिती काढली, आणि पुढच्या बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी आईनं आणलेली सहा अंडी बाजूला काढून, न विचारता डबा धाकट्या भट्टीत घातला. आमच्या घराला कायदा नव्हता, तो चाचांनी लावून दिला. आई चिडली, आणि दरवर्षी त्या दिवशी पानवालीच बिस्किटं मुकाट घेऊन येऊ लागली.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी अकरावीत होते. नव्या जिल्ह्याला कारकून कमी पडले म्हणून आजूबाजूच्या जिल्ह्यांतून माणसं मागवली, त्यात दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नाव आलं. आम्हीही जायचं ठरलं होतं, पण त्या साली पावसानं दगा दिला. लातुरात टँकरपुढं घागरींच्या रांगा. जिल्हा झाला, पाणी मात्र अजून तालुक्याचंच, असं दादा म्हणत. त्यामुळे आई आणि मी नांदेडला राहिलो आणि दादा एका खोलीत एकटे. शनिवारी एसटीनं अहमदपूर, लोहा करत घरी यायचे ते आठवड्याचे मळलेले कपडे घेऊन, कारण गोदावरीला निदान कपडे धुण्यापुरतं पाणी होतं. सोमवारी पहाटे धुतलेले कपडे आणि बिस्किटांचा डबा घेऊन परत.

डब्याची कल्पना आईची. तिला त्यातून नेमकं काय हवं होतं, ते कळायला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. मी झाले तेव्हा दादांनी नांदेडच्या कचेरीत पेढे नेले होते. संध्याकाळी रिकामी पेटी घेऊन घरी आले, म्हणाले, सगळ्यांनी खाल्ले, तोंडभरून खाल्ले. बाळंतिणीच्या खाटेवर आई सुखावली. दोन दिवसांनी शिपायाची बायको बाळाला बघायला आली आणि तिच्या तोंडून सहज निघून गेलं की पेटी टेबलाटेबलावरून फिरून जशीच्या तशी परत आली होती. शिपायानं एक घेतला, तोही आमच्यातलाच. बाकीचे दादांनी येताना रस्त्यात वाटून टाकले होते. आईनं दादांना कधी विचारलं नाही. पण सतरा वर्षं ते तिच्या मनात कुसळासारखं होतं. आता जिल्हा नवा, कचेरी नवी, माणसं नवी. तिथल्या माणसांनी आपल्या नवऱ्याच्या डब्यातलं खावं, एवढंच तिला हवं होतं. ती असं कधी बोलली नाही, म्हणाली फक्त, "चहासोबत व्हतील."

पहिला डबा अंड्याचा गेला. शनिवारी रिकामा आला. आईनं विचारलं, कुणी खाल्ली? दादा बूट काढत म्हणाले, कुणी अंडं खात नाही तिथं, टँकरवर पोरं येतात त्यांना वाटली. पेढ्यांच्या वेळचं 'सगळ्यांनी खाल्ले' हे खोटं आईनं पकडलंय, हे दादांना ठाऊक होतं आणि म्हणून त्यांनी ते परत वापरलं नाही, हे मला पुढं समजलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की आईचा चेहरा उतरण्याऐवजी उजळला. अंड्याचीच अडचण असेल तर तिच्याकडं इलाज होता.

मंगळवारी आम्ही दोघी इतवाऱ्यात. आईनं सांगितलं, डबा धाकट्या भट्टीत घाला, ठसा मारा. चाचांनी तिच्याकडं, मग कॅलेंडरकडं बघितलं. पौर्णिमा नव्हती. कारण सांगावं लागलं. तेव्हा चाचांनी ठसा गळ्यातून काढला, फडक्यानं पुसला आणि प्रत्येक बिस्किटावर असा दाबला की पानाची शीर न् शीर उठली. ठसा त्यांच्या अब्रूचा होता, आणि आता तो दुसऱ्या जिल्ह्यात चालला होता.

तो डबाही रिकामा आला. या वेळी दादा म्हणाले, बिस्किटं छान, पण सगळ्यांचे उपास असतात. कुणाचे? आईनं विचारलं. आणि दादांनी बोटांवर मोजत सांगितलं: हेडक्लार्कांचा सोमवार, जावकवाल्याचा मंगळवार, एकाचा गुरुवार, एकाचा शुक्रवार, खिडकीपाशी बसतो त्याचा शनिवार. मी म्हटलं, मग ज्याचा त्याचा वार सोडून बाकीचे खातील की. तर दादा म्हणाले, एकजण उपाशी बसलेला असताना चौघांनी खात बसणं बरं दिसत नाही. आणि बुधवारी? बुधवारी मीटिंग असते.

आई हार मानणारी नव्हती. उपासाचं पीठ असतं, तर उपासाचं बिस्किट का नसावं, असं तिनं ठरवलं. पंधरा दिवस साय साठवून तिनं तूप कढवलं आणि तेवढे पंधरा दिवस मला कोरा चहा मिळाला. माझ्या बापाच्या कचेरीतल्या पाच अनोळखी लोकांच्या भक्तीपायी मी कोरा चहा प्यायले, हे मी अजून विसरलेले नाही. दर सोमवारी पानाचा डबा जातच होता, आणि याच दिवसांत आणखी एक गंमत होत होती. सगळं लातूर पाण्यावाचून वाळत चाललेलं, आणि दादा मात्र भरत चालले होते. शर्टाची पोटावरची गुंडी लागेना. आईनं ती उसवून काठाकडं सरकवून लावली आणि म्हणाली, एकट्या माणसाचं खाणं न्हाई का, सुजत असंल. दुष्काळात जाड होणारा माणूस अख्ख्या नव्या जिल्ह्यात माझा बाप एकटाच असावा, आणि तरीही आमच्या दोघींच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

राजगिऱ्याचं पीठ, तूप आणि साखर घेऊन आम्ही गेलो तेव्हा चाचांना आनंदही झाला आणि घामही फुटला. उपासाचं बिस्किट त्यांनी जन्मात भाजलं नव्हतं. धाकट्या भट्टीत अंडं नव्हतं, पण मैदा होता, आणि मैदा उपासाला चालत नाही. म्हणून त्यांनी भट्टी झाडून घेतली, पत्रे चिंचेनं घासले आणि आम्हाला सकाळी, मैद्याला हात लागायच्या आधी बोलावलं. पहिला पत्रा दगडासारखा निघाला. एक बिस्किट चाचांनी ओट्यावर आपटून बघितलं, ओट्याचा टवका उडाला. दुसरा पत्रा भुगा. तिसऱ्याला तूप वाढवून, आच उतरवून, चाचा स्वतः भट्टीच्या तोंडाशी वाकून बसले, आणि बिस्किटं जमली. बाकावरच्या दोन मारवाडणींनी तिथल्या तिथं आपली मागणी नोंदवली.

ठसा मारता मारता चाचांनी विचारलं की एवढे उपास करणारी ही माणसं आहेत तरी कोण. आईनं अभिमानानं सगळे वार सांगितले. चाचांचा हात हळू झाला.

"और बुध को?"

"बुधवारी मीटिंग अस्ती म्हणे."

ठसा बिस्किटावर तसाच राहिला. चाचा म्हणाले, "बाई, चालीस बरस से सबके उपास मैं याद रखतौं. पाँच आदमी, पाँच वार, और एक वार दो जनों पे नै आया. ऐसा तो हिसाब लगा के बोलना पड़ता." मग माझ्याकडं हनुवटी करून म्हणाले, "इस कू भेजो. देख के आयेगी."

घरी येऊन आईनं डबा भरला तो तीन थरांचा. खाली अंड्याची, मध्ये पानाची, वर राजगिऱ्याची, थरांमध्ये वर्तमानपत्र. आता जगातल्या कुठल्याही माणसाला यातलं काही ना काही चालायलाच हवं होतं. परीक्षा होऊन मला सुट्टी लागली होती. मला नवा जिल्हा बघायचाय, असं मी दादांना सांगितलं. दादा म्हणाले, तिथं बघण्यासारखं काय आहे, धूळ. पण नाही म्हणायला त्यांना कारण सापडलं नाही, आणि इतके दिवस इतकी कारणं लीलया शोधणाऱ्या माणसाचं हे आश्चर्यच होतं.

कचेरी भाड्याच्या इमारतीत होती. दारावरच्या पाटीचा रंग अजून ओला वाटे. उस्मानाबादहून आलेले फायलींचे गठ्ठे भिंतीला लावलेले, आणि खुर्च्या पुऱ्या नसल्यामुळं दादा तशाच एका गठ्ठ्यावर बसून काम करत. पाचजण दिसले, दादांनी सांगितले होते तसेच. मला उगाच त्यांच्या कपाळावर ज्याचा त्याचा वार लिहिलेला दिसेल असं वाटत होतं. दादांनी आत आल्याबरोबर डबा पिशवीसकट टेबलाच्या खणात ठेवला आणि खण लोटून दिला. रोज तसाच लोटत असावेत, इतक्या सवयीनं.

चहा आला. हेडक्लार्क निवृत्तीला टेकलेले, जाड भिंगांचे गृहस्थ होते. माझी विचारपूस करताना म्हणाले, "नांदेडला मी सहा वर्षं काढली. इतवाऱ्यात ती दोन भट्ट्यांची बेकरी आहे का गं अजून?"

"आहे की," मी म्हटलं. "दर आठवड्याला डबा येतो ना तुमच्यासाठी."

हेडक्लार्कांनी दादांकडं बघितलं. दादा फायलीत बघत होते. जावकवाला हसून म्हणाला, आम्ही तर कधी डबा पाहिला नाही बुवा, आमचे हे दोस्त चहाच्या वेळी बाहेर टँकर बघायला जातात. तो हसला त्यात खोच नव्हती. त्यांना वाटत होतं की नांदेडचा माणूस जरा एकलकोंडा आहे.

मला आधी राग आला, तो आईच्या सायीचा, माझ्या कोऱ्या चहाचा आणि चाचांच्या घासलेल्या पत्र्यांचा. कुणीही नाही म्हटलं नव्हतं. कुणाला विचारलंच नव्हतं. मग दादांची मान दिसली, कॉलरमध्ये खाली गेलेली, आणि राग कुठल्या कुठं गेला. डबा उघडला असता तर लोकांनी घेतलं असतं किंवा नसतं. सतरा वर्षांपूर्वी एकदा पेढ्यांची पेटी उघडली होती. त्या दिवसापासून दादा डबा न उघडण्याची कारणं शोधत आले होते, आणि स्वतःकडं बोट दाखवायला नको म्हणून बिचाऱ्या पाचजणांना उपास घडवले होते.

मी खण ओढला, डबा काढून टेबलावर ठेवला. उघडणारही होते, पण माझ्या हातून तो उघडून काय उपयोग होता? मी झाकणाशी उगाच झटापट केली आणि म्हटलं, "दादा, निघत न्हाई."

झाकण काही घट्ट नव्हतं. ते त्यांनाही माहीत होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग टेबलावरची लोखंडी पट्टी घेतली, झाकणाखाली घातली आणि दाबली. पट्टी पत्र्यावर वाजली. झाकण निघालं, तुपाचा वास सुटला.

"घ्या," दादा म्हणाले. एवढंच.

हेडक्लार्क उठून आले. वरचं राजगिऱ्याचं त्यांनी बोटानं बाजूला केलं, पानाचं बाजूला केलं, तिसऱ्या कागदापर्यंत गेले. "चाचांकडचं अंड्याचं खावं," म्हणाले, आणि दोन घेतली. सोमवार होता. मी दादांकडं बघितलं नाही, तेवढी दया दाखवली. जावकवाल्यानं पानाचं घेतलं आणि पान चहात बुडवलं. आणखी दोघांनी घेतलं. एकानं राजगिऱ्याचं खाऊन विचारलं की हे कशाचं, घरी उपासाला करता येईल का.

डबा खिडकीपाशी गेला. तिथल्या माणसानं त्यात बघितलं, मग वर न बघता म्हणाला, "माझं पोट ठीक नाही," आणि फाईल उघडली. त्याच्यापुढं अर्धी खाल्लेली भजी होती. ते सगळ्यांनी बघितलं. हेडक्लार्कांनी डबा उचलून परत आपल्या टेबलावर, मधोमध ठेवला आणि तिसरं बिस्किट घेतलं. झाकण दिवसभर उघडंच होतं.

संध्याकाळी खोलीकडं जाताना टँकरची रांग ओलांडून आम्ही गल्लीत वळलो तेव्हा दादा म्हणाले, "पाचातला एक निघाला."

मी हं म्हटलं.

"मी पाचही धरून बसलो व्हतो," ते म्हणाले आणि पुढं चालू लागले.

शनिवारी आम्ही दोघं घरी आलो. आई उंबऱ्यातच उभी होती. तिनं माझ्याकडं न बघता दादांना विचारलं, किती जणांनी खाल्ली? दादा बूट काढायला बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, चौघांनी. आईनं मान डोलावली. पाचवा कोण, का नाही, हे तिनं विचारलं नाही. चौघं ही संख्या दादांनी पहिल्यांदाच तिला अशी सांगितली होती, जिच्यावर तिला विश्वास ठेवता येत होता.

मग तिनं दुसरा प्रश्न विचारला. "आन इतके दिस कोन खात व्हतं?"

दादांनी डबा खाली ठेवला. "मीच," म्हणाले. "तू भरून दिलेली व्हती. टाकवेनात."

आई आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती सुईदोरा घेऊन आली, दादांना अंगातला शर्ट काढायला लावला, उजेडाला दारात बसली आणि काठाकडं सरकवलेली गुंडी उसवून पुन्हा पहिल्या जागी लावली.